स्वयंभू गंधार आणि संगमाच्या अटी

(संगीतप्रेमी पालक आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे लेखी रूप)

नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या मध्यमवर्गीय घरात मुलाला संगीत शिकवायचे ठरले, की आज पहिली खरेदी होते ती कीबोर्डची. तानपुरा घरात येत नाही. तो मिरजेहून आणावा लागतो, जपावा लागतो, भिंतीशी जागा अडवतो आणि मुख्य म्हणजे तो लावायला कान लागतो. कीबोर्डला यातले काहीच लागत नाही. पिन खोचली की तो सुरात असतो. कोणत्या सुरात, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्य संगीत यांच्या मिलाफाविषयी गेली पन्नास वर्षे जी चर्चा चालली आहे, तिचे मूळ या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

तानपुरा नीट जुळला, की त्याच्या खर्जाच्या तारेतून एक स्वर आपोआप उमटतो. तो स्वर कोणत्याही तारेला लावलेला नसतो. तरीही तो स्पष्ट ऐकू येतो. आपल्या गवयांनी त्याला 'स्वयंभू गंधार' असे अत्यंत समर्पक नाव दिले आहे. तार एका वेळी अनेक खंडांत कंप पावते, त्यातल्या पाचव्या खंडाचा हा नाद. षड्जाशी त्याचे नाते पाचास चार असे सरळ आणि निसर्गदत्त आहे. भूपात किंवा यमनात गवई गंधारावर विसावतो तेव्हा श्रोत्यांच्या तोंडून जी दाद निघते, ती या नात्याला असते. भले त्या श्रोत्याला गणित ठाऊक नसो.

कीबोर्डवरचा गंधार हा तो गंधार नव्हे. सप्तकाचे बाराशे सूक्ष्म भाग कल्पिले, तर कीबोर्डचा गंधार स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे चौदा भागांनी चढा असतो. याला वाद्य बनवणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. युरोपातील संगीताला एकाच रचनेत वारंवार आधारस्वर बदलावा लागतो आणि अनेक स्वर एकाच वेळी वाजवावे लागतात. कोणत्याही पट्टीत गेले तरी सारे सारखेच वाजावे, म्हणून त्यांनी सप्तकाचे बारा समान तुकडे केले आणि प्रत्येक स्वराला थोडी थोडी तडजोड करायला लावली. त्यांच्या संगीताची ती गरज होती आणि त्या तडजोडीवर त्यांनी भव्य वास्तू उभी केली. आपल्या मैफलीत मात्र पहिल्या क्षणापासून भैरवीपर्यंत एकच षड्ज असतो. ज्याला घर बदलायचेच नाही, त्याने सामान बांधून का बसावे?

हा विषय मराठवाड्यात बोलताना एका मराठवाडी ग्रंथकाराचे स्मरण अपरिहार्य आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या राज्यात, सिंघणदेवाच्या काळात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्यात उच्च अधिकारी होता. बावीस तारांच्या दोन वीणा घेऊन, एक स्थिर ठेवून आणि दुसरीच्या तारा क्रमाने उतरवून, श्रुती कानाला प्रत्यक्ष कशा पटवाव्यात हे त्याने सांगितले आहे. म्हणजे प्रमाण कानाचे, आणि तेही प्रयोगाने सिद्ध केलेले. याच ग्रंथात जे राग नोंदवले आहेत, त्यांत 'तुरुष्क तोडी' आणि 'तुरुष्क गौड' अशी नावे आढळतात. बाहेरून आलेला रंग शार्ङ्गदेवाने नाकारला नाही आणि नुसता कौतुकाने मिरवलाही नाही. त्याला रागाच्या व्यवस्थेत जागा दिली, त्याचे लक्षण सांगितले. संगीतात बाहेरचे काही घ्यावे की घेऊ नये, असा वाद आज आवेशाने घातला जातो तेव्हा आठशे वर्षांपूर्वीची ही नोंद वादी आणि प्रतिवादी दोघांनीही वाचलेली नसते.

बाहेरून आलेल्या वाद्यांत सर्वांत खोलवर रुजली ती पेटी. पायपेटीचे मूळ युरोपातले. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने १८४२ साली हार्मोनियमचा एकाधिकार नोंदवला. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला हाताचा भाता बसवला आणि ती जमिनीवर आली. खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य सतरंजीवर आले, ही घटना लहान वाटते. पण तिनेच पेटी भजनात, कीर्तनात, तमाशात, नाटकात आणि शाळेच्या प्रार्थनेत नेली. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तिच्यावर स्वतंत्र वादन करून रसिकांना थक्क केले. मराठवाड्याला तर याचा विशेष अभिमान वाटावा, कारण जालन्याकडच्या खेड्यातून आलेले अप्पा जळगावकर पुढे देशातल्या थोर गवयांचे आवडते साथीदार झाले. गायकाच्या मागे सावलीसारखे जाताना पेटीला मींड येत नाही ही तिची उणीव त्यांच्या बोटांनी श्रोत्यांना विसरायला लावली. उणीव गेली नव्हती. ती झाकण्याची कला त्यांनी साध्य केली होती.

ही उणीव जाणून तिच्याशी झगडणारी माणसे महाराष्ट्रातच निपजली, हे आज फारसे सांगितले जात नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींवर त्यांनी १९१० मध्ये पुस्तक लिहिले. ई. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाची त्यांना साथ मिळाली, उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याने त्या श्रुती पडताळल्या गेल्या, आणि त्यातून 'श्रुती हार्मोनियम' तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती विद्वानांपुढे आली, वादही झाला. वाद्य लोकप्रिय झाले नाही. वाजवायला ते अवघड होते आणि गावोगावच्या पेटीवाल्याला ते परवडणारेही नव्हते. पण एक कलेक्टर, एक न्यायाधीश आणि एक खाँसाहेब एका गंधारासाठी एकत्र बसले होते, हे चित्र विसरू नये. शंभर वर्षांनंतर ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा सिद्ध केली. म्हणजे देवलांचा प्रश्न अजून मिटलेला नाही.

पेटीवर सर्वांत कठोर प्रहार केला तो मात्र एका इंग्रजाने. मँचेस्टरमध्ये जन्मलेला जॉन फोल्ड्स हा नावाजलेला संगीतकार. महायुद्धातील मृतांसाठी त्याने लिहिलेली भव्य रचना लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये सादर झाली होती. १९३५ मध्ये तो भारतात आला आणि दिल्लीच्या आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताचा प्रमुख झाला. तेथे त्याने भारतीय वाद्ये वाजवणाऱ्या कलावंतांचा वाद्यवृंद बांधायला घेतला. दोन परंपरांचा मेळ घालण्याचे ज्याचे स्वप्न होते, त्याच माणसाने १९३८ मध्ये लिहिले की हार्मोनियम भारतीय स्वराला मारक आहे. मिलाफ हवा असणारा मनुष्य मिलाफाचे सर्वांत सुलभ साधन नाकारतो, यातला अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या दोन गोष्टी जोडायच्या, त्या दोन्ही आधी शाबूत असल्या पाहिजेत. फोल्ड्सचे १९३९ मध्ये कलकत्त्यात पटकीने निधन झाले. पुढच्याच वर्षी, मार्च १९४० पासून, आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ नंतर टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. तीन दशके नभोवाणीवर सारंगी वाजत राहिली आणि घराघरांत, देवळादेवळांत पेटी. सरकारी हुकमाने स्वर शुद्ध होत नाहीत, एवढा धडा त्यातून मिळाला.

हा प्रश्न नांदेडमध्ये किती जिवंत आहे, हे पाहायला गोदाकाठी जावे. तख्त सचखंड श्री हजूरसाहिब येथे कीर्तन चालते. शिखांच्या पाच तख्तांपैकी हे एक. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये येथेच देह ठेवला आणि येथेच गुरू ग्रंथसाहिबांना गुरुपद दिले. त्या गुरुगादीच्या त्रिशताब्दीचा २००८ चा सोहळा नांदेडकरांना अजून आठवत असेल. गुरू ग्रंथसाहिब हा ग्रंथ रागांप्रमाणे रचलेला आहे. एकतीस रागांची त्यात मांडणी आहे आणि कोणते पद कोणत्या रागात गावे हे ग्रंथच सांगतो. त्यात आपल्या नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. नामदेवांचे नाव ज्या नरसी गावाशी जोडलेले आहे, ते नांदेडपासून फार दूर नाही. मराठी मातीतला संत पंजाबात गेला, त्याची वाणी रागबद्ध होऊन ग्रंथात बसली आणि तो ग्रंथ गुरू होऊन नांदेडला विराजमान झाला. असा प्रवास दुसऱ्या कोणत्या वाणीच्या वाट्याला आला असेल?

गुरू नानकांच्या शब्दांना भाई मरदाना यांच्या रबाबाची साथ होती. रबाब, सरिंदा, ताऊस, दिलरुबा ही शीख कीर्तनाची मूळ तंतुवाद्ये. विसाव्या शतकाच्या आरंभापासून पेटीने त्यांची जागा घेत घेत त्यांना जवळजवळ बाहेर ढकलले. मे २०२२ मध्ये अकाल तख्ताचे तत्कालीन जत्थेदार ग्यानी हरप्रीतसिंग यांनी, सुवर्णमंदिरातील कीर्तनातून पेटी तीन वर्षांत क्रमाने दूर करून तंतुवाद्ये परत आणावीत, असे सुचवले. त्यावर बरीच चर्चा झाली. पेटीवर वाढलेल्या रागींनी आपली अडचण मांडली आणि ती खोटी नव्हती. दिलरुबा शिकायला वर्षे लागतात, शिकवणारे थोडे, वाद्य बनवणारे त्याहून थोडे. परंपरेतून एखादे वाद्य जाते तेव्हा त्याच्याबरोबर ते घडवणारा कारागीर जातो, ते लावणारा हात जातो आणि शेवटी त्याची उणीव जाणवणारा कान जातो. कान गेला की तक्रारही उरत नाही. हिंदुस्थानी मैफलीतल्या सारंगीची गत याहून निराळी नाही.

व्हायोलिनची कथा मात्र सुखाची आहे, म्हणून ती थोडक्यात सांगितली तरी पुरे. तेही वाद्य युरोपातूनच आले. पण त्याच्या मानेवर पडदे नाहीत. बोट सरकवले की मींड निघते. आपल्या वादकांनी त्याच्या तारा आपल्या सोयीने जुळवल्या, मांडी घालून त्याचे टोक पायाशी टेकवले आणि ते आपलेसे केले. गजाननराव जोशी गात तसेच व्हायोलिन वाजवीत. व्ही. जी. जोगांनी तर त्यावर जन्म वाहिला. आज मैफलीत व्हायोलिन ऐकताना ते परके आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. पेटी आणि व्हायोलिन दोन्ही विलायती. एकीने आपल्याला तिच्यासारखे व्हायला लावले, दुसरे आपल्यासारखे झाले.

हाच निकष हाती घेऊन आता ज्याला 'फ्यूजन' म्हणतात, त्याकडे पाहता येईल. पंडित रविशंकर आणि येहुदी मेन्युहिन यांचे युगुलवादन, पुढे १९७१ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी रविशंकरांनी लिहिलेली सतारीची रचना, हे टप्पे प्रसिद्ध आहेत. त्यांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी त्याआधी कितीतरी वर्षे मैहरमध्ये अनाथ मुलांना घेऊन वाद्यवृंद उभारला होता. त्यात चेलो होता आणि बंदुकीच्या नळ्यांपासून बनवलेला नलतरंगही. तेव्हा 'फ्यूजन' हा शब्द कोणी वापरीत नव्हते.

१९७५ साली 'शक्ती' या वाद्यवृंदाचा जन्म झाला. त्याचा प्रमुख जॉन मॅकलॉफ्लिन हा इंग्रज गिटारवादक तेव्हा विद्युत गिटारच्या जगात कीर्तीच्या शिखरावर होता. त्याने अमेरिकेत एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकायला घेतली. एवढ्यावर तो थांबला नाही. आपल्या गिटारची पट्टी पडद्यांमधून खोलगट कोरून घेतली, की तार दाबून ओढता यावी आणि वीणेसारखी मींड निघावी. सतारीला असतात तशा तरफेच्या तारा त्याने गिटारवर तिरक्या बसवून घेतल्या. व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर उस्ताद झाकीर हुसेन, घटमवर विक्कू विनायकराम. उत्तरेचा तबला आणि दक्षिणेचा घटम एका मंचावर येण्यासाठी एका इंग्रजाचे निमित्त लागावे, याची थोडी खंत वाटते. ती बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे, की या मिलाफात वाद्य कोणी बदलले? पाहुण्याने बदलले. जो घरी आला त्याने घराची रीत पाळली, म्हणून त्या संगीताला पाया मिळाला आणि ते पन्नास वर्षे टिकले. 'शक्ती'च्या 'धिस मोमेंट' या ध्वनिमुद्रिकेला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरला झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोत गेले.

मराठी भाषकांना याहून जवळचे उदाहरण बेळगावचे आहे. शोभा गुर्टू, म्हणजे पूर्वाश्रमीच्या भानुमती शिरोडकर, यांचा जन्म १९२५ मध्ये बेळगावात झाला. आई मेनकाबाई शिरोडकर या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. शोभाताईंची ठुमरी, दादरा, कजरी ऐकलेल्या पिढीला त्यांच्याविषयी काही सांगणे नको. त्यांचा मुलगा त्रिलोक गुर्टू. आईच्या रियाजाच्या घरात तबला शिकून तो युरोपात गेला, जॅझ वादकांत मिसळला, 'ओरेगॉन' या अमेरिकी समूहात आणि पुढे मॅकलॉफ्लिनच्या त्रयीत वाजवू लागला. ड्रमच्या संचापुढे स्टुलावर बसण्याऐवजी तो गुडघ्यांवर अर्धवट बसून वाजवतो. एका हाताशी तबला, दुसऱ्या हाताशी झांजा, आणि शेजारी पाण्याची बादली. वाजती घंटी पाण्यात बुडवली की तिचा स्वर हळूहळू वाकत जातो. पाश्चात्य श्रोत्याला हा चमत्कार वाटतो. आपल्याला त्यात जलतरंगाची आठवण येईल आणि झांजेवर मींड काढू पाहणारा हात दिसेल.

१९८८ मध्ये त्याने 'उस्फ्रेट' ही ध्वनिमुद्रिका काढली. त्यात जगभरचे वादक आहेत, आणि शोभाताईंचा आवाज आहे. साठी ओलांडलेली, बैठकीच्या गाण्यात मुरलेली आई मुलाच्या त्या गजबजलेल्या तालविश्वात शिरते. ऐकताना लक्षात येते, की तिने आपल्या गाण्यात काही बदललेले नाही. तीच लगाव, तीच शब्द फिरवून पुन्हा समेकडे येण्याची ठुमरीतली तऱ्हा. भोवतीच्या सगळ्या वाद्यांनाच तिला वाट करून द्यावी लागते. ही मुद्रिका सर्वांनाच आवडेल असे नाही. काही ठिकाणी तालाचा कोलाहल नको इतका वाढतो. पण ठुमरी तिथे पाहुणी म्हणून आलेली नाही, यजमान आहे. शोभाताई २००४ मध्ये गेल्या. घराण्याची शिस्त आणि जगाची हौस एका घरात नांदू शकतात, याचा हा पुरावा मराठी घरातच आहे.

याच्या जोडीला आपल्या गावांत होणारे काही कार्यक्रम आठवावेत. पडदा उघडतो, धूर सोडला जातो, गायक चाळीस सेकंद आलाप करतो आणि ड्रमचा दणका सुरू होतो. मागे कीबोर्डवर स्वरसमूह दाबून धरलेले, कानात ठोक्यांचे यंत्र, त्यामुळे तबलजीला लय श्वासाने सैल सोडता येत नाही. रागाचे नाव निवेदक सांगतो म्हणून कळते. अशा कार्यक्रमाला गर्दी होते आणि त्यात गैर काही नाही. लोकांनी आनंद घ्यावा. त्याला रागसंगीताचा प्रसार म्हणू नये, इतकेच. आलाप हा तेथे दारावर लावलेल्या आंब्याच्या पानांसारखा असतो. कार्य उरकले की पाने उतरतात.

अजय-अतुल यांचे काम या गर्दीतून वेगळे काढावे लागेल. २००१ मध्ये 'विश्वविनायक' या मुद्रिकेत त्यांनी संस्कृत स्तोत्रांना वाद्यवृंदाची भव्यता दिली, तेव्हा अनेक घरांत गणेशोत्सवाची पहाटच बदलली. २०१६ च्या 'सैराट'चे संगीत त्यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत तेथल्या वादकांकडून वाजवून घेतले. हलगीवर वाढलेल्या कानांना एकदम शेकडो तारांचा नाद मिळाला. तो रागसंगीताचा प्रयोग नव्हे आणि तसा दावाही नाही. पण चाल मराठी राहिली आणि वाद्यवृंदाला तिच्या मागे चालावे लागले, हे महत्त्वाचे. वऱ्हाडात, मराठवाड्यात लग्नाच्या वरातीत त्याच चित्रपटाची जी गाणी कर्ण्यावर फाटेपर्यंत वाजतात, त्यांचा दोष संगीतकारांच्या माथी मारण्याचे कारण नाही.

आता पुन्हा नांदेड-लातूरच्या घरात परत येऊ. या भागात गाणे नव्हते असे नाही. नांदेडच्या अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकून नाथराव नेरळकर मराठवाड्याचा आवाज झाले आणि त्यांनी पुढे असंख्य शिष्य घडवले. मार्च २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या पिढीने निजामी राजवटीनंतरच्या या उपेक्षित प्रदेशात गाणे शिकवले, ते शहरे, सभागृहे आणि अनुदाने नसताना. आज सभागृहे आहेत, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम होतात, इलेक्ट्रॉनिक तानपुरा मोबाइलमध्ये आला आहे. अडचण निराळीच आहे, आणि ती या भागातल्या प्रत्येक संगीत शिक्षकाला ठाऊक आहे. मूल आठवीपर्यंत येते. नववीत दांड्या सुरू होतात. दहावीला क्लास सुटतो आणि मग दोन वर्षे वैद्यकीय प्रवेशाची तयारी. 'लातूर पॅटर्न'चा लौकिक राज्यभर आहे, त्या लौकिकाने हजारो सामान्य घरांतली मुले डॉक्टर-अभियंते झाली, हे निर्विवाद. गळा मात्र पंधराव्या-सोळाव्या वर्षीच फिरत असतो, मुलांचा आवाज फुटून स्थिरावत असतो, आणि नेमक्या त्याच वर्षांत स्वर सुटतो. दहावीच्या वाढीव गुणांसाठी का होईना मुले पेटीपुढे बसतात, हे चांगलेच. प्रमाणपत्र मिळाले की पेटीला कापड घातले जाते, हे वाईट.

पालकांना यावर एक उत्तर हवे असते: गाण्याने पोट भरेल का? त्यांच्यासाठी दोन नावे सांगण्यासारखी आहेत. शंकर महादेवन चेंबूरच्या तमिळ घरातला. लहानपणी वीणा शिकला, श्रीनिवास खळे यांच्या हाताखाली तयार झाला. लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी यांनी गायलेल्या खळे यांच्या 'राम श्याम गुणगान'मध्ये वीणा वाजवणारा मुलगा तो हाच. पुढे तो अभियंता झाला, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीही केली आणि मग नोकरी सोडून पूर्ण वेळ गाण्यात आला. 'शक्ती'च्या ग्रॅमी मिळालेल्या मुद्रिकेतला गाता आवाज त्याचा आहे. दुसरे नाव महेश काळे. तोही अभियंता, पंडित जितेंद्र अभिषेकी यांचा शिष्य, कॅलिफोर्नियात राहून मराठी घरांतल्या मुलांना गाणे शिकवणारा; 'कट्यार काळजात घुसली'तील गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा. दोघेही जगाच्या मंचावर पाश्चात्य वादकांबरोबर गातात. दोघांचाही आधी गुरू झाला, मग पदवी, आणि मिलाफ सर्वांत शेवटी.

घरात कीबोर्ड आहेच, तर तो फेकून देण्याचे कारण नाही. आजच्या अनेक कीबोर्डांत प्रत्येक स्वर थोडा उतरवण्याची किंवा चढवण्याची सोय असते. ती कोणी वापरीत नाही, कारण कोणी दाखवीत नाही. एखाद्या रात्री, रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, मुलाला शेजारी बसवून तानपुरा लावावा. खरा असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलमधला चालेल. खर्जाची तार वाजून विरत जाताना कान द्यावा. पहिल्या दिवशी गंधार ऐकू येईलच असे नाही. ऐकू आला, की कीबोर्डवरचा गंधार वाजवावा आणि दोन्हींमधला थरथरता बेबनाव मुलाला ऐकू द्यावा. मग त्या स्वराला चौदा भागांनी खाली उतरवून पुन्हा वाजवावा.